‘उधाण’ म्हणजे लाट नाही : समानार्थी शब्दांच्या प्रश्नांत नेमका पर्याय कसा शोधावा

हर्णै बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव आटोपला की आमचा वर्ग भरतो. तलाठी, पोलीस, जिल्हा परिषद, एमपीएससीची गट-क, जी जाहिरात निघेल तिची तयारी करणारी पंधरा-वीस मुलंमुली असतात. गेल्या पावसाळ्यात मी फळ्यावर एक प्रश्न लिहिला : ‘लाट’ या शब्दाला समानार्थी नसलेला शब्द ओळखा. पर्याय होते तरंग, लहर, ऊर्मी आणि उधाण. वर्गातल्या सगळ्यात अभ्यासू मुलाने ‘ऊर्मी’ निवडला, कारण त्याने पाठ केलेल्या यादीत तो शब्द नव्हता. मागच्या बाकावरची एक मुलगी, तिच्या घरची होडी आहे, लगेच म्हणाली, “सर, उधाण म्हणजे लाट कशी होईल? उधाण अवसेला-पुनवेला येतं. लाटा तर रोजच्याच.”

तिने यादी पाठ केली नव्हती, तिला फरक माहीत होता. भरती दिवसातून दोनदा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला ती चढते ते उधाण, आणि अष्टमीच्या सुमाराला पाणी फारसं चढत-उतरत नाही तो भांग. किनाऱ्यावरच्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. ज्या शब्दांमध्ये आपण वाढलो नाही, त्यांच्या बाबतीतही हा फरक दिसावा म्हणून वर्गात मी जे करून घेतो, ते इथे क्रमाने लिहितो. ‘समानार्थी’ म्हणून शेजारी शेजारी छापलेल्या शब्दांनी बहुतेक वेळा आपापसांत कामं वाटून घेतलेली असतात. परीक्षक त्या वाटणीवरच प्रश्न काढतो, म्हणून तीच शोधायची.

आधी प्रश्नाची शेपटी वाचा

‘समानार्थी शब्द ओळखा’, ‘समानार्थी नसलेला शब्द ओळखा’, ‘गटात न बसणारा शब्द निवडा’, ‘अधोरेखित शब्दाऐवजी कोणता शब्द योग्य ठरेल’ हे चार वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात शब्द एकटा असतो, तेव्हा त्याचा सगळ्यात रुळलेला अर्थ धरायचा. चौथ्यात वाक्य दिलेलं असतं, तेव्हा त्या वाक्यापुरताच अर्थ धरायचा, मग शब्दाचे बाकीचे अर्थ कितीही ओळखीचे असोत. ‘नसलेला’ हा शब्द घाईत डोळ्यांतून निसटतो. 2023 च्या तलाठी भरतीत 100 प्रश्न आणि 200 गुण होते, त्यात मराठीचे 25 प्रश्न. एका प्रश्नाला दोन गुण मिळतात आणि गुणवत्ता यादीत दोन गुणांच्या आत बरीच माणसं दाटीने उभी असतात. म्हणून ‘नसलेला’ दिसला की कच्च्या कागदावर फुली मारायची सवय लावा.

पर्याय झाका आणि अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगा

शब्द वाचल्यावर तळहाताने पर्याय झाका. संगणकावरची परीक्षा असेल तर नजर प्रश्नावरच रोखा. दोन-चार शब्दांत मनाशी अर्थ सांगा. ‘कृपण’ वाचलं की ‘पैसा सुटत नाही असा’. एवढं पुरे. आधी पर्याय वाचले की चारही शब्द डोक्यात गोंधळ घालतात आणि ओळखीचा वाटतो तोच बरोबर वाटायला लागतो. अर्थ अजिबात सांगता आला नाही, तर तो शब्द आपल्याला येत नाही हे तरी कळतं. अशा शब्दांसाठी पुढे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द फोडायची रीत दिली आहे.

शब्दाची जात जुळते का?

‘शूर’ला ‘पराक्रम’ हे उत्तर नाही, ‘पराक्रमी’ आहे. विशेषणाला विशेषण, नामाला नाम, क्रियापदाला क्रियापद. अर्थ जवळचा पण जात वेगळी असा एखादा पर्याय पुष्कळदा टाकलेला असतो. लिंगाचं मात्र वेगळं आहे. ‘लाट’ स्त्रीलिंगी आणि ‘तरंग’ पुल्लिंगी असूनही ते समानार्थीच आहेत, तिथे लिंगावरून पर्याय खोडू नका. पण रिकामी जागा भरायची असेल आणि पुढे क्रियापद किंवा मागे ‘चा-ची-चे’ असेल, तर लिंगच अर्धं उत्तर सांगून जातं. याचं एक उदाहरण शेवटी सोडवून दाखवलं आहे.

शब्द कुणाच्या सोबतीने येतो ते ऐका

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जवळच्या अर्थाचे शब्द कोशात एकसारखे दिसतात, पण वाक्यात त्यांच्या सोबतीची क्रियापदं आणि माणसं ठरलेली असतात. रागाचेच शब्द घेऊ.

राग येतो. चीडही येते. संताप मात्र होतो किंवा अनावर होतो. रोष आपण ओढवून घेतो. रुसवा धरला जातो आणि कुणीतरी तो काढावा लागतो. त्वेषाने माणूस तुटून पडतो. आता हीच वाक्यं बंदरावर आणून बघा. लिलावात एखादा व्यापारी पापलेटाचा दर मुद्दाम पाडून बोलला की राग येतो. हंगामभर तेच चाललं आणि दाद कुठेच लागली नाही की चीड येते, म्हणजे चिडीत अन्याय आहे, हतबलता आहे. कुणी बंदी मोडून किनाऱ्यालगत जाळी ओढली तर तो सगळ्या गावाचा रोष ओढवून घेतो. रोष बहुधा अनेकांचा असतो नाहीतर वरच्याचा. धाकट्या भावाचा आईवर रोष नसतो. तिथे रुसवा असतो आणि तो फक्त आपल्या माणसावरच धरता येतो. त्वेषात तर राग असलाच पाहिजे असंही नाही, त्यात आवेश असतो. म्हणून ‘त्वेष’ला ‘आवेश’ आणि ‘राग’ असे दोन पर्याय एकाच प्रश्नात आले, तर वाक्यात लढणं आहे की बोलणं, ते आधी बघा.

असं ऐकायला शिकायचा उपाय सोपा आहे. दोन शब्दांमध्ये अडलात की प्रत्येक शब्द घालून, स्वतःच्या कानांनी ऐकलेलं एकेक खरं वाक्य आठवा. बनवलेलं वाक्य नको, ऐकलेलं हवं. ‘निवडणुकीआधी अफवांना उधाण आलं’ आपण ऐकलेलं आहे. ‘अफवांना भरती आली’ कुणी म्हणत नाही. दोन शब्दांची वाट कुठे फुटते, ते इथे कळतं.

माप बघा

काही शब्दांत फरक फक्त आकाराचा असतो. झुळूक, वारा, सोसाट्याचा वारा, वादळ ही एका चढणीवरची माणसं आहेत. वावटळ आणि चक्रीवादळ, दोन्हींत वारा गोल फिरतो. वावटळ अंगणातला पाचोळा उडवून शांत होते. 3 जून 2020 चं निसर्ग चक्रीवादळ मात्र दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा मुळासकट आडव्या करून गेलं. पावसाळ्यात चिपळूणच्या बाजारात वाशिष्ठीचं पाणी शिरतं तो पूर. 22 जुलै 2021 ला तळमजले बुडाले तो महापूर. प्रश्नातला शब्द त्या चढणीवर कुठे उभा आहे ते ठरवा आणि त्याच उंचीवरचा पर्याय घ्या. ‘रिमझिम’ला ‘मुसळधार’ हे उत्तर होत नाही, दोन्ही पाऊसच असले तरी.

जात आणि व्यक्ती

‘नौका’ ही जात झाली. होडी, मचवा, पडाव, गलबत, तारू या त्या जातीतल्या वेगवेगळ्या व्यक्ती. प्रत्येक गलबत नौका असतं, पण प्रत्येक नौका गलबत नसते. परीक्षेच्या पुस्तकांत ‘नौका = होडी, तरी, नाव’ असं सरसकट छापलेलं असतं. ते चुकीचं नाही, एकाकी प्रश्नात तेच उत्तर द्यायचं. पण पर्यायांत एक सामान्य शब्द आणि एक खास प्रकार असे दोन्ही आले, तर सामान्याला सामान्य जोडा.

शब्दामागचं मत

काटकसरी आणि कंजूष, दोघेही पैसा जपून खर्चतात. पहिला शब्द कौतुकाचा आहे, दुसरा नावं ठेवण्याचा. सडपातळ-हडकुळा, निग्रही-हट्टी, नामांकित-कुप्रसिद्ध या जोड्या अशाच. इंग्रजीच्या 25 प्रश्नांतही हेच चालतं, ‘थ्रिफ्टी’ आणि ‘मायझरली’ किंवा ‘फेमस’ आणि ‘नटोरिअस’ आठवा. बोलणारा स्तुती करतोय की टीका, हे वाक्यातून काढा. एकटाच शब्द दिला असेल तर तो आपल्या आईबद्दल वापराल का, असं स्वतःला विचारा.

अनोळखी तत्सम शब्द फोडून बघा

आता मुलांची सगळ्यात जास्त गाळण उडते ती जागा. कमळ, ढग आणि समुद्र यांचे संस्कृत समानार्थी शब्द. मी स्वतः परीक्षा देत होतो तेव्हा ‘नीरद’ला ‘कमळ’ हे उत्तर देऊन आलो होतो. घरी येऊन कोश उघडला तेव्हा कळलं की मी अक्षरं ओळखली होती, शब्द नव्हे. त्या रात्री एका कागदावर चौकट आखली. तीच चौकट आज वर्गाच्या भिंतीवर आहे.

पाण्याला संस्कृतात बरेच शब्द : जल, नीर, अंबु, वारि, तोय, पय. त्यांच्यामागे तीन शेपट्या लागतात. ‘ज’ म्हणजे जन्मलेला, ‘द’ म्हणजे देणारा, ‘धी’ म्हणजे साठवून ठेवणारा. पाण्यात जन्मलेलं ते कमळ, पाणी देणारा तो ढग, पाणी साठवणारा तो समुद्र. मग चौकट आपोआप भरते :

जल : जलज, जलद, जलधी
नीर : नीरज, नीरद, नीरधी
अंबु : अंबुज, अंबुद, अंबुधी
वारि : वारिज, वारिद, वारिधी

‘पय’चे शब्द संधीमुळे ‘पयो’ने सुरू होतात : पयोद, पयोधी. ‘पंकज’मध्ये पंक म्हणजे चिखल, ‘सरोज’मध्ये सर म्हणजे तळं, दोन्ही कमळंच. ‘उदधी’मध्ये उद म्हणजे पाणी, म्हणून समुद्र. चार ओळी आणि तीन शेपट्या एवढं लक्षात राहिलं की यादी पाठ करायची गरज उरत नाही, शब्द समोर आला की फोडायचा.

हीच रीत इतर ठिकाणी चालते. ‘ग’ म्हणजे जाणारा : ख म्हणजे आकाश, तिथून जाणारा तो खग, पक्षी. छातीवर सरपटत जाणारा तो उरग, साप. जागचा न हलणारा तो नग, पर्वत. पृथ्वीला ‘मही’ म्हणतात. तिला धरणारा महीधर पर्वत, तिचं पालन करणारा महीप राजा, तिच्यावर उगवणारा महीरुह वृक्ष. तिन्ही शब्द एकाच प्रश्नात पर्याय म्हणून आले, तरी गोंधळ होऊ नये.

एक सावधगिरी. शेवटी ‘ज’ दिसला म्हणून शब्द फोडत सुटू नका. ‘समाज’ आणि ‘आवाज’ कुठल्याही पाण्यात जन्मलेले नाहीत. आधी पुढचा भाग ओळखीचा आहे का ते बघायचं, मग शेपटी.

दिसायला जुळे असलेले शब्द वेगळे लक्षात ठेवावे लागतात. अनिल म्हणजे वारा, अनल म्हणजे अग्नी, सलिल म्हणजे पाणी. ‘अनल’साठी मी मुलांना दोन मोठे शब्द देतो : दावानल म्हणजे वणवा, वडवानल म्हणजे समुद्राच्या पोटातली आग. उन्हाळ्यात सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत पेटलेलं आमच्या मुलांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे दावानल विसरत नाहीत आणि त्याच्या पोटातला अनल बरोबर येतो. तसंच पाणिग्रहणातला ‘पाणि’ हात असतो, त्याचा पाण्याशी संबंध नाही. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा किंवा सारथी, ऱ्हस्व-दीर्घ नीट वाचा.

एका शब्दाची दोन घरं

वरच्या चौकटीतलाच ‘जलद’ घ्या. ढग हा त्याचा एक अर्थ, वेगवान हा दुसरा, आणि दोन्ही ‘जलद’ वेगळ्या भाषांतून मराठीत आले : ढगवाला संस्कृतातून, वेगवाला फारसीतून. प्रश्नात नुसतं ‘जलद’ असेल तर पर्यायांवरून अंदाज करा. ‘मेघ’ आणि ‘शीघ्र’ दोन्ही एकदम असतील तर वाक्य नक्की दिलेलं असेल, ते परत वाचा. तीर म्हणजे किनारा आणि बाण. अंबर म्हणजे आकाश आणि वस्त्र. कर म्हणजे हात, किरण आणि सरकारला भरायचा पैसा. अब्ज म्हणजे कमळ आणि 100 कोटी. आणि ज्या भरतीसाठी आम्ही रोज बसतो, तिच्यात आणि खाडीत येणाऱ्या भरतीत शब्दाचा फरक नाही, पण ‘भरतीचा समानार्थी शब्द’ विचारला तर पर्यायांत ‘नेमणूक’ आहे की ‘वेला’ (समुद्राची भरती), हे बघूनच उत्तर ठरेल.

घरचा शब्द आणि परीक्षेचा शब्द

कोकणातल्या मुलांसाठी हे मुद्दाम लिहितो. आपल्याकडे ओढ्याला कुठे पऱ्या म्हणतात, कुठे वहाळ. खडकाला कातळ म्हणतात. हे शब्द अस्सल मराठी आहेत, त्यांची लाज बाळगायचं कारण नाही. पण काही शब्द घरी एका अर्थाने वापरले जातात आणि परीक्षेत दुसऱ्या. आपलं ‘आगर’ म्हणजे घरामागची नारळी-पोफळीची बाग. परीक्षेत ‘विद्येचे आगर’ आलं की आगर म्हणजे खाण, कोठार. एका हुशार मुलीने इथे ‘उद्यान’ निवडलं होतं, आणि तिच्या घरच्या भाषेत तिचं बरोबरच होतं. म्हणून वहीत एक पान फक्त अशा शब्दांचं ठेवा : डावीकडे घरचा अर्थ, उजवीकडे प्रमाण मराठीतला. पंधरा-वीस शब्दांचं पान होईल, पण ते तुमच्याशिवाय दुसरं कुणी तुमच्यासाठी लिहून देऊ शकत नाही.

वही कशी ठेवायची

शब्द आणि समोर अर्थ, असं लिहू नका. एका पानावर एक गट घ्या, उदाहरणार्थ राग, दुःख, पाऊस किंवा बोलणं, आणि प्रत्येक शब्दासमोर कानांनी ऐकलेलं किंवा वर्तमानपत्रात वाचलेलं एक वाक्य लिहा. आठवड्याला चार-पाच गट पुरेत. शंका आली तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश बघा. त्यात जुन्या लेखनातली उदाहरणं दिलेली असतात आणि आंतरजालावर तो शोधताही येतो. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना बरोबर उत्तराला खूण करून पुढे जाऊ नका. उरलेले तीन पर्याय का चुकले, ते प्रत्येकी तीन-चार शब्दांत लिहा. याला वेळ लागतो, पण तोच खरा अभ्यास आहे. मुलं इथेच टाळाटाळ करतात आणि मी इथेच हट्ट धरतो.

एक प्रश्न पूर्ण सोडवू

‘कडक शिस्त आणि न्यायी स्वभाव यांमुळे त्या तहसीलदारांचा तालुकाभर ______ होता.’ पर्याय : भीती, दहशत, धाक, दरारा.

वाक्यात ‘तहसीलदारांचा’ आणि ‘होता’ आहे, म्हणजे पुल्लिंगी नाम हवं. भीती आणि दहशत स्त्रीलिंगी, दोन्ही खोडा. अर्थाकडे न बघता निम्मे पर्याय गेले. उरले धाक आणि दरारा. दोन्ही समोरच्या माणसाचे असतात आणि दोन्हींमुळे बाकीचे वचकून राहतात. आता ऐकलेली वाक्यं आठवू. ‘वडिलांचा धाक’, ‘घरात कुणाचा धाकच उरला नाही’, ‘छडीचा धाक’. धाक जवळचा असतो, घरात, वर्गात, आणि शिक्षेच्या भीतीवर चालतो. ‘त्या फौजदाराचा मोठा दरारा होता’ यात अंतर आहे, नावाचा दबदबा आहे आणि थोडा आदरही आहे. आपल्या वाक्यात ‘न्यायी’ आणि ‘तालुकाभर’ हे दोन इशारे दिलेले आहेत. दरारा.

नेमकं हेच शेवटच्या दोन पर्यायांवर अडल्यावर करायचं. परीक्षकाने वाक्यात एखादा जादा शब्द ठेवला असेल तर तो उगाच ठेवलेला नसतो. ‘न्यायी’ काढून टाका, ‘तालुकाभर’च्या जागी ‘घरात’ घाला, उत्तर ‘धाक’ होतं.

एकट्या शब्दाच्या प्रश्नात दोन पर्याय उरले तर दोन्ही बाजूंनी अदलाबदल करून बघा. ‘अ’च्या वाक्यात ‘ब’ बसतो का, आणि ‘ब’च्या वाक्यात ‘अ’? दोन्हीकडे बसणारा पर्याय घ्या. तरीही ठरत नसेल तर जाहिरातीतली गुणपद्धत आठवा. एमपीएससीच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांत चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण वजा होतात, म्हणजे चार चुका एक बरोबर उत्तर खातात. दोन पर्याय पक्के खोडले असतील तर उत्तर द्या. एकही खोडता आला नसेल तर सोडा. गुण वजा होणार नसतील तर एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

परीक्षा झाल्यावरही एक काम उरतं. पहिली उत्तरतालिका आली की समानार्थी शब्दांचे प्रश्न आधी तपासा, कारण वाद तिथेच जास्त असतात. आयोगाचं उत्तर पटलं नाही तर हरकत घेता येते. हरकतीसोबत शिकवणीच्या पुस्तकाचं पान जोडू नका, शब्दकोशातलं पान जोडा, आणि त्या पानावर ज्या ओळीत तुमचा अर्थ आहे तिच्याखाली रेघ मारा. मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून परीक्षेहून घरी आल्या आल्या शंकेचे प्रश्न क्रमांकासह वहीत लिहून ठेवा.